शिध्याचा नेम

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, शिध्याचं काम पाहणाऱ्या मंडळींच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)

असं पुढं उभं राहून बोलायची आम्हाला सवय नाही. आम्ही चुलीजवळची माणसं. दिंडी मुक्कामाला पोचायच्या आत टेम्पो पुढं न्यायचा, राहुटी ठोकायची, चुली पेटवायच्या, पंगत उठली की भांडी आवरायची आणि मागनं दोन घास खायचे, एवढंच आमचं काम. कीर्तन आमच्या कानावर पडतं ते भाकरी थापण्याच्या आवाजातनं. पण महाराज म्हणाले, शताब्दी आहे, विण्याची परंपरा सांगणारे पुष्कळ आहेत, शिध्याची तुम्ही सांगा. म्हणून उभे राहिलो. बोलण्यात काही कमीजास्त झालं तर पदरात घ्या.

गोष्ट २०१६ सालच्या वारीतली. फलटणच्या पुढचा मुक्काम. पावसाची भुरभुर चाललेली. बाया भाकरी थापायला बसल्या, तर भाकरी काही केल्या उलगडेना. परातीतच चिरा पडायच्या, उचलली की तुकडे. ओल्या जळणाचा धूर, बाहेर भुकेली पंगत आणि आत ही तऱ्हा. आमच्यातल्या एका आजींनी मूठभर पीठ घेतलं, दाबून बघितलं, वास घेतला आणि म्हणाल्या, ‘आवं, ह्या पिठाला इरी गेलीया. कुणाची ज्वारी ही?’

कुणाची ज्वारी? साधा प्रश्न. पण उत्तर एकालाही देता येईना. पावती होती, पोती मोजून घेतली होती, पैसेही चुकते केले होते. ज्वारी बाजारातली, एवढंच ठाऊक होतं. कुठल्या रानातली, किती वर्षं गोदामात पडलेली, काय माहीत?

त्या रात्री भात-आमटीवर वेळ भागवली. जेवणं झाल्यावर टाळकऱ्यांत विषय निघाला. तर आमच्याच रांगेतल्या पाच-सहाजणांच्या घरी कणगीत ज्वारी होती! चांगली, टपोरी, त्याच सुगीतली. उरलेली मिळेल त्या भावानं घालून वारीचा खर्च काढून आले होते. त्यातला एकजण हसत म्हणाला, ‘मी बी बाजारातच घातली की. आज खाल्ली ती माझीच असंल कदाचित, फिरून आलेली.’ सगळे हसले. पण हसू लवकर विरलं. पिकवणारा आणि खाणारा एकाच रांगेत टाळ वाजवत चालत होते आणि त्यांची भेट नव्हती. मधे चार गोदामं, दोन गाड्या आणि तीन जणांचा नफा होता. आपण भेटीसाठी वारी करणारी माणसं. अडीचशे किलोमीटर चालतो ते काय कुणाचा निरोप ऐकायला? भेटायला चालतो. मग ज्याच्या अन्नावर हे पाय चालतात त्याची भेट का नको?

वारीवरनं आल्यावर आम्ही दिंडीच्या जुन्या चोपड्या काढल्या. लाल कापडात बांधलेल्या आहेत, आज बाहेर मांडल्यात, जाताना जरूर बघा. सगळ्यात जुन्या चोपडीत पैशाचा आकडा फार कमी सापडतो. नाव आणि पुढं धान्य. अमक्याची ज्वारी दोन पायल्या, तमकीचे हुलगे एक मापटं, कुणाचा गूळ, कुणाची डाळ. मधल्या काळातल्या चोपडीत नाव आणि पुढं रुपये. आणि अलीकडच्या फायलीत नावंच नाहीत, नुसती दुकानाची बिलं. आम्ही कुणाला दोष देत नाही. माणसं वाढली, प्रत्येकाच्या डोक्यावर पायली लादून कसं चालायचं? पैसे जमवून एकदम माल भरणं सोयीचंच होतं. पण त्या सोयीत नावं गळाली, हे खरं.

आणि नावं गळाली त्याच काळात रानातलंही बरंच काही गळालं. म्हाताऱ्यांना आठवत असंल. १९६४ ला ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं आणि मग हायब्रीडचा काळ सुरू झाला. पोटाला दाणा हवा होता, ७२ च्या दुष्काळात परदेशातली लाल मिलो ज्वारी खाल्लेल्या पिढीला तो नको कसा म्हणवेल? पण धाटं आखूड झाली, कडबा कमी झाला. कडबा कमी झाला तशी दावणीची जनावरं कमी झाली. जनावरं कमी झाली तसं शेणखत आटलं, मग खताची गोणी उधारीवर आली. बाजरीच्या पाभरीबरोबर मटकी, हुलगा, तूर, अंबाडी पेरायचो, ते मोडलं आणि सलग एकच पीक आलं. एकच पीक म्हटल्यावर एकच कीड सगळ्या रानावर तुटून पडती, म्हणून औषधाचा पंप आला. तोही उधारीवर. कोणी वाईट हेतूनं केलं असं नाही. एक कडी सुटली की साखळी सुटते, तसं झालं.

तर २०१६ च्या पावसाळ्यात, मठाच्या ओसरीवर बसून आम्ही एक हिशेब मांडला. तो तुम्हालाही मांडून दाखवतो, कारण आमचं सगळं धाडस त्या हिशेबातनं आलं.

आपल्या दिंडीत साधारण तीनशे माणूस चालतं. चालणाऱ्या माणसाला दिवसाच्या चार भाकरी धरा, म्हणजे चारशे ग्रॅम पीठ. तीनशे माणसांचं दिवसाला १२० किलो. आळंदीपासून पंढरीपर्यंत अठरा दिवस धरले तर २,१६० किलो. म्हणजे बावीस क्विंटल ज्वारी. आपल्या माणदेशातल्या कोरडवाहू रानात बऱ्या सालात एकरी चार क्विंटल पडती. बावीस भागिले चार. साडेपाच एकर. एवढंच! तीनशे माणसांची अख्खी वारी साडेपाच-सहा एकर रान पोसू शकतं. आमच्या मनात उगाच डोंगर होता. आणि मग उलटाही विचार आला. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर खातेदारांपैकी ८६ जण दोन हेक्टरच्या आतले आहेत. महाराष्ट्रात सरासरी जमीनच १.३४ हेक्टर. म्हणजे सव्वातीन एकर. लहान शेतकरी, लहान शेतकरी म्हणतात तो दुसरा कोणी नव्हे, आपल्याच रांगेतला टाळकरी आहे. त्याचं अर्धा-एक एकराचं पीक आधीच ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या भावानं गेलं, तर त्याच्या घरात केवढा फरक पडतो ते आम्ही नंतर डोळ्यांनी पाहिलं.

पहिल्या वर्षी सात घरं तयार झाली. अट एकच ठेवली. पांडुरंगाच्या वाटेवर खायचं अन्न आहे, त्यावर विष मारायचं नाही आणि रान उपाशी ठेवायचं नाही.

रान उपाशी ठेवायचं नाही म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगतो. नव्या लोकांनी याला मोठमोठी नावं दिलीत. आमच्या भाषेत, रानातलं रानात फिरवायचं. मालदांडी पेरायची. मोहोळच्या संशोधन केंद्रात गावरान मालदांडीतून निवडलेलं ‘एम ३५-१’ हे वाण आज इतकी वर्षं झाली तरी टिकून आहे, कारण त्यात भाकरीही आहे आणि कडबाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळालं. कडबा जनावराला, जनावराचं शेण रानाला. ज्यांच्याकडं जनावर नाही त्यांनी उन्हाळ्यात धनगराची मेंढरं बसवायची. दोन-तीन रात्री कळप बसला की लेंडी आणि मूत जागेवरच पडतं. त्याबद्दल धनगराला धान्य द्यायचं, ही आपली जुनीच रीत. खरिपात मूग, मटकी, हुलगा. त्यांच्या मुळांच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात, त्याचा बिवड पुढच्या पिकाला मिळतो. किडीला निंबोळीचा अर्क. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून शंभर लिटर पाणी करायचं, थोडा साबण घालायचा आणि फवारायचं. निंबोळी बांधावरची, कष्ट घरचे. भाजीत झेंडूची ओळ लावायची, पाखरांना बसायला रानात काठ्या रोवायच्या. पाखरू पोटासाठी येतं आणि अळी वेचून जातं. फुकटचा गडी.

ऐकायला गोड वाटतं. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं जड गेली. रासायनिक खताची सवय लागलेलं रान लगेच वळत नाही. भाजीचं उत्पन्न घटलं. तणाचं काम वाढलं आणि ते सगळं बायांच्या कंबरेवर आलं. एका बहिणीनं बैठकीत तोंडावर विचारलं, ‘औषिद तुम्ही बंद केलं, खुरपं माझ्या हातात दिलं. ह्यात माझा काय फायदा?’ आमच्याजवळ उत्तर नव्हतं. मग दोन गोष्टी ठरवल्या. खुरपणीला सावड करायची, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, पुरुषमाणसांसकट. आणि भाजीचे पैसे घरच्या बाईच्या हातात द्यायचे. सातातली दोन घरं तरीही सोडून गेली. त्यांना आम्ही नावं ठेवली नाहीत. एक घर चार वर्षांनी परत आलं.

आता भावाचं. भाव कधी ठरवायचा? आम्ही तुकाराम बीज धरली. फाल्गुन वद्य द्वितीया. ज्वारीची खळी त्या सुमाराला होतात आणि दुसरंही कारण आहे. तुकोबाराय दुकानदारी, सावकारी केलेल्या घरातले. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. अशा दिवशी बसून कुणाला नाडायची बुद्धी होत नाही. त्या दिवशी शेतकरी आणि दिंडी समोरासमोर बसतात. बी, मशागत, काढणी-मळणीची मजुरी, सगळं मांडायचं, त्या आठवड्याचा बाजारभाव बघायचा आणि दोघांना झोप लागेल असा भाव ठरवायचा. निम्मे पैसे त्याच दिवशी, निम्मे माल कोठीत पडल्यावर. कडता नाही, तोलाई कापायची नाही. एकदा ठरलं की मागं फिरायचं नाही, बाजार वर गेला तरी आणि खाली आला तरी.

हा शब्द आम्ही सहज दिला होता. त्याची परीक्षा २०२० ला झाली.

त्या वर्षी बीज ११ मार्चला होती. भाव ठरला, निम्मे पैसे दिले. पंधरा दिवसांत टाळेबंदी लागली. पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एसटीतनं पंढरपूरला गेल्या आणि आपण घरातनं हात जोडले. शंभर वर्षांच्या वाटचालीत एवढी शांत आषाढी कुणी पाहिली नसंल. आणि इकडं बावीस क्विंटल ज्वारी पाच घरांत तयार. दिंडी निघणार नाही, भिशी जमणार नाही, मग उरलेले पैसे द्यायचे कुठून आणि ज्वारी घेऊन करायचं काय?

बैठक झाली. फोनवरच झाली. दोन मतं पडली. काही जाणती मंडळी म्हणाली, ‘वारीच नाही तर शिधा कशाला? संकट सगळ्यांवरच आहे, शेतकरी समजून घेतील.’ त्यांचं चुकीचं नव्हतं. शेतकरी समजून घेणारच होते. समजून घेण्याची त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तेव्हा आपले विणेकरी बाबा, जे एरवी कधी व्यवहारात बोलत नाहीत, ते म्हणाले, ‘पाऊस आहे म्हणून आपण वारी चुकवतो का? अंग दुखतं म्हणून एकादशी सोडतो का? नेम म्हणजे सोय असंल तेव्हा करायची गोष्ट नव्हं. पाय थांबलेत, शब्द थांबवू नका.’

माउली, वारकरी कुणाला म्हणायचं? ज्याचा पंढरीच्या वाटेचा नेम आहे त्याला. एकदा हौसेनं गेला तो यात्रेकरू. आम्हाला त्या दिवशी कळलं, की लहान शेतकऱ्याला दयेची गरज नाही आणि कौतुकाचीही नाही. त्याला नेमाचं गिऱ्हाईक हवं आहे. ज्याचा भरवसा धरून पेरता येईल असं.

मग घरोघर फोन केले. भिशी देणाऱ्यांनी वारी नसताना भिशी दिली. पुण्या-मुंबईला अडकलेल्या आपल्या माणसांनीही धाडली. आषाढीच्या आधी बावीस क्विंटलचा पैन्‌पै चुकता झाला. ज्वारी दळून दहा-दहा किलोच्या पिशव्या केल्या. काही हातावर पोट असणाऱ्यांच्या घरी गेल्या, काही पुण्याहून चालत परतलेल्यांच्या घरी, काही भिशी देणाऱ्यांच्या घरी. त्या आषाढी द्वादशीला आपली पंगत एका राहुटीत बसली नाही, पण भाकरी एकाच रानातली होती.

आणि याची दुसरी बाजूही ऐका. २०२३ ला ज्वारीचे भाव चढले. बीजेला ठरलेल्या भावापेक्षा बाजार पुष्कळ वर गेला. व्यापारी दारात येऊन रोख मोजायला तयार. आम्ही मनातनं घाबरलो. शेतकऱ्यांना म्हणालो, ‘तुमचं नुकसान नको, भाव पुन्हा बसवू.’ तर वीस-वीसच्या त्या साली ज्यांची ज्वारी दिंडीनं उचलली होती, त्यातला एक म्हणाला, ‘वारी नव्हती तवा तुम्ही नेली. आता बाजार हाय म्हणून मी माघारी घिऊ? माळ गळ्यात हाय माझ्या.’ पाचही घरांनी ठरल्या भावानं ज्वारी घातली. पुढच्या बीजेला आम्ही भाव आपणहून वाढवून दिला, ते वेगळं.

आता रविवारच्या बाजाराविषयी. ज्वारी वर्षातनं एकदा, पण घर चालतं ते भाजी-दुधावर. सावता महाराजांनी अरणच्या मळ्यातच पांडुरंग पाहिला. ते पंढरीला गेले नाहीत, देवच मळ्यात आला, आणि आजही पांडुरंगाची पालखी अरणला जाते. २०१६ ला राज्य सरकारनं भाजीपाला आणि फळं बाजार समितीच्या नियमनातनं काढली, शेतकऱ्याला थेट ग्राहकाला विकायची मोकळीक दिली आणि त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. आम्हाला वाटलं, नाव आपल्या माळ्याचं आहे, तर आपणही करून बघू. २०१८ पासून तालुक्याच्या गावी, आपल्या मठाच्या अंगणात बाजार लावायला लागलो.

आधी द्वादशी धरली. बारस सोडायला ताजी भाजी सगळ्यांना लागते. कल्पना चांगली होती, पण मेथी पंधरा दिवस थांबत नाही आणि नोकरदाराला बुधवारी सुट्टी नसते. तीन महिन्यांत शहाणे झालो आणि रविवार धरला. सकाळी सात ते अकरा. ज्यानं पिकवलं त्यानंच बसायचं, नाहीतर त्याच्या घरच्या माणसानं.

दुसऱ्या वर्षी नको ते घडलं. एका गिऱ्हाईक ताईंनी आमच्यातल्या एकाला विचारलं, ‘दादा, एप्रिलच्या उन्हात तुमच्या रानात एवढा फ्लॉवर कसा हो?’ तो गडबडला. मालाला तोटा पडला म्हणून त्यानं पहाटे दुसरीकडनं दोन कॅरेट आणले होते आणि आपले म्हणून विकत होता. दुपारी विण्यासमोर बसून त्यानं कबूल केलं. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, ‘रिकाम्या टोपलीपुढं बसायची लाज वाटली.’ काढून टाका, असं काहीजण म्हणाले. आम्ही त्याला काढलं नाही. तीन रविवार त्यानं अंगण झाडलं आणि रिकाम्या जागेवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः सांगितलं, की माझ्या हातनं असं झालं. चौथ्या रविवारी त्याचा भोपळा आणि गवार आली, तर तासाभरात संपली!

त्यातनं आम्ही दोन गोष्टी शिकलो. एक, टोपली रिकामी असंल तर रिकामी दाखवायची. एप्रिलमध्ये फ्लॉवर मिळणार नाही, गवार मिळंल, हे गिऱ्हाइकालाही पचवता आलं पाहिजे. आणि दुसरं, डोळ्यांनी बघितल्याशिवाय भरवसा नाही. आता हंगामातनं एकदा गिऱ्हाइकं रानात येतात आणि एक शेतकरी दुसऱ्याचं रान तपासतो. सरकारी सेंद्रिय गटांत याला सहभागी हमी पद्धत म्हणतात. रान पुरतं वळायला तीन वर्षं धरतात. कागद हवाच, आम्ही तोही करतो आहोत. पण त्या ताईंचा एक प्रश्न शंभर शिक्क्यांच्या तोलाचा होता.

टाळेबंदीत हा बाजार गल्लीच्या तोंडाशी गेला. लोक वाट बघायचे, फोन करायचे, ‘तुम्ही आहात म्हणून ताजं खातो’ म्हणायचे. आम्ही भाजीचं रान वाढवलं. टाळेबंदी उठली आणि निम्मी माणसं गेली. कुणाला रविवारी उठायचा कंटाळा, कुणाला दुकानातनं सगळं एकदम घरी मागवायची सोय. दोन रविवारी तर मेथीच्या जुड्या जनावरांपुढं टाकाव्या लागल्या. जनावरानं खाल्ली, वाया गेली नाही म्हणा. पण पहाटे तीनला उठून ज्या माउलीनं त्या जुड्या बांधल्या होत्या, तिचं तोंड आम्हाला बघवलं नाही.

तेव्हा विणेकरी बाबांचा शब्द पुन्हा आठवला. चाळीस घरांना जाऊन आम्ही सांगितलं, ‘कौतुक नको, नेम द्या. आठवड्याला अमुक रुपयांची भाजी आमच्याकडनं घेणार, एवढं महिन्याच्या सुरुवातीला सांगा.’ सव्वीस घरांनी नेम धरला. आज त्याच सव्वीस घरांच्या जोरावर आणि नंतर मिळालेल्यांच्या सोबतीनं हा बाजार उभा आहे. येणारे-जाणारे खूप, पण बाजार उभा राहतो तो नेमाच्या माणसांवर. दिंडीचंही तसंच नाही का?

जाता जाता एक आमच्याच घरातली गंमत. एकादशीला आपण काय खातो? साबुदाणा. तो येतो कुठून? बराचसा तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूनं, तिथल्या एका कंदापासून बनून. आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. उपासाला आपण एवढ्या लांबचं आणतो आणि करमाळ्याकडची रताळी, आपल्या रानातल्या शेंगा, बांधावरचा राजगिरा, डोंगरउतारावरची वरई बाजूला ठेवतो. साबुदाणा खाऊ नका असं म्हणायचा आमचा अधिकार नाही. आमच्याच घरात खिचडीवर उड्या पडतात! पण गेल्या चार वर्षांत दिंडीत एकादशीला रताळी आणि शेंगदाण्याची आमटी-भगर होते. पोट जड होत नाही आणि चाललेल्या पायांना ताकद राहते, असं चालणारेच सांगतात.

बियाण्याचंही तसंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली. आम्हाला त्याचा आनंद वाटला, कारण राखेत घोळवून बी ठेवणारी आजी आपल्या प्रत्येक घरात होती. आजपासून मठाच्या ओसरीवर आम्ही बियाण्याची मडकी मांडतो आहोत. मूठभर बी न्या, पुढच्या वर्षी दोन मुठी आणून घाला.

आता शेवटचं, आणि ते सांगताना जीभ जड होते. आपल्या चौथ्या रांगेत एक टाळकरी होता. त्याची चाल चुकायची नाही. तीन एकराचा मालक. एका साली कांदा घेऊन बाजारात गेला तर गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात आली ती उलटी पट्टी. त्यालाच पैसे देणं निघालं. त्याच्या पुढच्या साली दुकानाची उधारी फेडायला रान विकलं. आज तो पुण्यात एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन आहे. वारीला येतो, पण रजा मिळाली तर. सगळी वाट चालायला मिळत नाही, दोन मुक्काम करतो आणि परत जातो. आमचा हा सगळा उद्योग सुरू व्हायच्या आधीची ती गोष्ट. दिंडी त्याची ज्वारी घेत असती तर त्याचं रान राहिलं असतं का? सांगता येत नाही. एका कांद्याच्या पट्टीनं बुडालेलं घर दोन क्विंटल ज्वारीनं तरलं असतं असं आम्ही छातीठोक म्हणणार नाही. पण आपल्याला त्याचा आवाज ओळखू येत होता आणि त्याच्या रानात काय पिकतं ते माहीत नव्हतं, हे मनाला लागून राहिलं आहे.

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं मागणं एकच. मोठा मंडप नको, आमचा सत्कार नको. इथं जमलेल्या प्रत्येक घरानं एक नेम धरावा. पोटाला लागणाऱ्या सगळ्या वस्तूंपैकी एक वस्तू, फक्त एक, ज्वारी म्हणा, तूरडाळ म्हणा, गूळ म्हणा, नाव माहीत असलेल्या शेतकऱ्याकडनं घ्यायची. वर्षभर घ्यायची. स्वस्त झालं तरी आणि महाग झालं तरी. त्याच्या रानात एकदा जाऊन यायचं. तिथं पाणी पिऊन यायचं. बाहेर चोपडी ठेवली आहे, नवी, कोरी. त्यात पैशाचा रकाना नाही. तुमचं नाव, शेतकऱ्याचं नाव आणि वस्तू. शंभर वर्षांपूर्वीच्या चोपडीसारखीच.

वारी संपते तेव्हा गोपाळपुरात काला होतो. कुणाच्या लाह्या, कुणाचं दही, कुणाचं लोणचं, सगळं एकत्र होतं आणि आपण एकमेकांच्या हातावर, तोंडात घालतो. त्या काल्यात आपला घास कुठला आणि दुसऱ्याचा कुठला ते कळत नाही. पण ज्यानं आणलं ते माणूस तिथं समोर उभं असतं. तेवढंच वर्षभर व्हावं, अशी माउलींच्या चरणी प्रार्थना.

पंगतीची वेळ झाली आहे. आजची ज्वारी कुणाची, ते वाढणाऱ्याला जरूर विचारा. तो नाव सांगेल.

राम कृष्ण हरी.